चॅटबॉटचा कोड येत नाही, जुनी चॅट गायब, मेसेज अडकतो : आधी काय तपासायचं?

दिवाणजी, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीच्या मार्केट यार्डात तुमच्या हळद-बेदाण्याच्या अडत दुकानात शेठ, त्यांचा मुलगा आणि तुम्ही असे तिघं चॅटबॉटचं एकच खातं वापरता. परराज्यातल्या व्यापाऱ्यांना हिंदी-इंग्रजीत पत्रं लिहायला आणि पट्ट्यांचे (शेतकऱ्याला देतो त्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदांचे) आकडे जुळवायला. आठवडाभर तुमच्या फोनवर लॉगइनचा कोड येत नाही. शेठच्या फोनवर अजून चालू आहे. मुलाच्या फोनवर लॉगइन होतं, पण जुनी सगळी चॅट गायब. काउंटरवरच्या जुन्या पीसीवर ‘तुम्ही माणूस आहात याची खात्री करा’ हेच पान फिरून फिरून येतं. आणि जिथं चालतं तिथं सकाळी सौद्याच्या वेळेला मेसेज पाठवला की गोल फिरत बसतं, दुपारनंतर मर्यादा संपल्याचा निरोप येतो. तुम्ही विचारलंय की ॲप काढून परत टाकू, की दुसऱ्या ईमेलवर नवीन खातंच काढू?

आत्ता दोन्हीपैकी काहीच करू नका. शेठच्या फोनवर खातं अजून उघडं आहे, तीच सध्या तुमची एकमेव चावी आहे. ॲप काढलं की तोही फोन बाहेर पडेल, आत यायला परत कोड मागेल आणि कोड तर येतच नाहीये. नवीन खातं काढलंत तर गोंधळ दुप्पट होईल, कारण माझ्या अंदाजाने मुलाच्या फोनवर असंच एक दुसरं खातं आधीच तयार झालंय.

तुम्ही चॅटबॉट कोणता ते लिहिलेलं नाही, कोड ईमेलवर येतो की एसएमएसवर तेही नाही. त्यामुळे काही गोष्टी ‘असं असेल तर’ म्हणूनच सांगाव्या लागतील. चॅटजीपीटीत ईमेल-पासवर्ड, गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट असे बरेच दरवाजे आहेत. क्लॉडला पासवर्डच नसतो, ईमेलवर कोड किंवा लिंक येते, नाहीतर गूगलसारख्या खात्याने आत जायचं. जेमिनी थेट गूगल खात्यावर चालतो. व्हॉट्सॲपमधल्या मेटा एआयला वेगळं लॉगइनच नाही, व्हॉट्सॲप चालू म्हणजे तो चालू. तुम्हाला कोड मागतोय म्हणजे पहिल्या दोघांच्या जातीतलं काहीतरी असणार, असं धरून लिहितो.

माझ्या मते तुमच्याकडे एक बिघाड नाही. चार वेगळे बिघाड एकाच आठवड्यात जमलेत आणि सगळ्यांना मिळून ‘चॅटबॉट चालत नाही’ म्हटलं जातंय. ते सुटे करू.

पहिलं काम शेठच्या फोनवर. ॲप उघडा, सेटिंग्जमध्ये जा, तिथं खात्याचा ईमेल पत्ता दिसेल. तो अक्षर न अक्षर कागदावर उतरवून घ्या, टिंबासकट. टिंबाचं कारण असं: जीमेलला पत्त्यातल्या टिंबाने काही फरक पडत नाही, टिंब टाका वा काढा, पत्र एकाच पेटीत येतं. पण चॅटबॉटच्या दारावर टिंबवाला पत्ता आणि बिनटिंबाचा पत्ता ही दोन वेगळी माणसं ठरू शकतात. मग होतं असं की कोड त्याच पेटीत येतो, लॉगइन व्यवस्थित होतं, आणि आत गेल्यावर सगळं कोरं.

मुलाच्या फोनवरचं ‘चॅट गायब’ बहुतेक याच प्रकारचं आहे. अशी गायब झालेली चॅट साधारणपणे पुसली गेलेली नसते, ती दुसऱ्या खात्यात सुखरूप पडलेली असते. दुसरं खातं नकळत कसं तयार होतं त्याच्या नेहमीच्या वाटा सांगतो. फोनमध्ये दोन-तीन जीमेल असतात, ‘गूगलने पुढे जा’ दाबल्यावर जो पत्ता वर दिसतो त्यावर बोट पडतं. किंवा आधी मोबाइल नंबरने खातं काढलेलं असतं आणि आता ईमेलने आत जातोय. आयफोनवर ॲपलचं बटण दाबताना ‘हाइड माय ईमेल’ निवडलं गेलं तर ॲपल एक बनावट दिसणारा लांबलचक पत्ता तयार करून देतं आणि त्या पत्त्यावर कोरं खातं उघडतं. हा शेवटचा प्रकार शोधायला सगळ्यात वेळ खातो, कारण तो पत्ता कुणाच्या लक्षातच नसतो. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये वर स्वतःच्या नावावर टिचकी मारून ॲपलने साइन-इन केलेल्या ॲपची यादी उघडली की तो सापडतो.

म्हणून मुलाच्या फोनवरही सेटिंग्जमध्ये जाऊन पत्ता बघा आणि शेठच्या पत्त्याशी ताडून पाहा. वेगळा निघाला तर प्रश्न तिथंच मिटला: बाहेर पडायचं आणि ज्या दरवाजाने शेठ आत गेले त्याच दरवाजाने जायचं. शेठ कुठल्या दरवाजाने गेले ते आठवत नसेल, तर त्यांच्या गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात बाहेरच्या ॲप आणि सेवांची यादी असते. त्यात चॅटबॉटचं नाव असेल तर गूगलच्या बटणाने, नसेल तर बहुधा ईमेल किंवा नंबरने. शिवाय खातं काढलं तेव्हा आलेलं स्वागताचं पत्र मेलमध्ये शोधा, ते ज्या पत्त्यावर आलंय तोच खरा पत्ता.

पत्ता तोच आहे आणि तरीही कोरं, असं असेल तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे तात्पुरत्या चॅटचा पर्याय चालू होता, त्यातलं काही इतिहासात राहत नाही. दुसरी, खातं वैयक्तिक आणि टीम अशा दोन भागांत आहे आणि उघडलाय चुकीचा भाग. खात्याच्या प्रोफाइल चित्रावर टिचकी मारली की भाग बदलता येतो.

पैसे भरून वापरत असाल तर आणखी एक मेख आहे. प्ले स्टोअरवरून पैसे भरले की ती वर्गणी प्ले स्टोअरच्या गूगल खात्याकडून वसूल होते, पण लागू होते त्या वेळी ॲपमध्ये उघड्या असलेल्या खात्याला. वर्गणी मुलाच्या जीमेलवरून आणि चॅट शेठच्या खात्यात, असं होऊन बसतं. मग ‘पैसे भरले तरी फुकटवालंच दिसतं’ अशी तक्रार येते. प्ले स्टोअरमध्ये वरच्या चित्रावर टिचकी मारून सबस्क्रिप्शन बघा, कुठल्या जीमेलवर आहे ते कळेल.

आता कोड. तुमच्या फोनवर कोड येत नाही म्हणता, पण खातं शेठच्या पत्त्यावर असेल तर तो तुमच्या फोनवर येणारच नाही, शेठच्या पेटीत जाणार. हे गृहीत धरून शेठच्या मेलमध्येही तो नाही, असं समजू. स्पॅम आणि प्रमोशन्स तर सगळे बघतात. न बघितलं जाणारं ठिकाण म्हणजे जागा. गूगलच्या फुकट खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मिळतात. ते पूर्ण भरले की जीमेल नवीन पत्र घ्यायचं बंद करतं. पत्र स्पॅममध्येही जात नाही, पाठवणाऱ्याकडे परत फिरतं. आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही याच १५ जीबीत धरला जातो. अडत दुकानाचं व्हॉट्सॲप म्हणजे दिवसभर मालाचे फोटो, पट्ट्यांचे फोटो, सौद्याचे व्हिडिओ. चार-सहा महिन्यांत ते किती फुगतं ते तुम्हाला सांगायला नको. माझा पहिला संशय इथंच आहे.

गूगल वन ॲपमध्ये किंवा ड्राइव्हच्या स्टोरेज पानावर कशाने किती जागा खाल्ली ते दिसतं. व्हॉट्सॲप मोठं दिसलं तर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट, मग चॅट बॅकअप, तिथं व्हिडिओ सोबत घ्यायचा पर्याय बंद करा आणि एकदा हाताने बॅकअप घ्या, म्हणजे जुन्या मोठ्या बॅकअपच्या जागी लहान बसेल. ड्राइव्ह आणि मेलमधून जे काही पुसाल ते ट्रॅशमधूनही पुसा, नाहीतर जागा सुटायला महिना लागेल. एवढं झालं की कोड नव्याने मागवा. मधल्या काळात परत गेलेली पत्रं मागाहून येत नाहीत, त्यांची वाट बघू नका.

जागा रिकामी आहे तरी कोड नाही? मग तुम्ही किती वेळा मागवला ते बघा. ‘पुन्हा पाठवा’ सारखं दाबत राहिलं की दोन गोष्टी होतात. प्रत्येक नवा कोड जुन्याला रद्द करतो, त्यामुळे उशिरा आलेला पहिला कोड टाकला की ‘चुकीचा’ म्हणतो. आणि थोड्या वेळात फार वेळा मागितला की सेवा काही काळ पाठवायचंच थांबवते, स्क्रीनवर मात्र ‘पाठवला’ असंच दिसतं. तासभर हात लावू नका. मग एकदाच मागवा, दहा मिनिटं थांबा, आलेला सगळ्यात ताजा कोड टाका. कोडऐवजी लिंक येत असेल तर ज्या फोनवर आणि ज्या ब्राउझरमध्ये लॉगइन सुरू केलं तिथंच ती उघडा. पीसीवर सुरू करून फोनवर लिंक दाबली की बऱ्याचदा फोन आत जातो आणि पीसी तसाच बाहेर उभा राहतो.

कोड एसएमएसवर येत असेल तर तपासणी वेगळी. सिम नुकतंच बदललंय का? नवीन सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, सिम बदलून होणारी फसवणूक टाळायला केलेला नियम आहे तो, उपाय फक्त थांबणं. नंबरचा रिचार्ज संपलाय का? व्हॉट्सॲप वायफायवर चालू राहतं म्हणून रिचार्ज संपल्याचं लक्षातच येत नाही. देश भारत निवडलाय का आणि नंबराच्या आधी शून्य तर टाकलेलं नाही ना? मेसेज ॲपच्या स्पॅम कप्प्यातही बघा. डीएनडीला दोष देऊ नका, ते जाहिराती अडवतं, कोड अडवत नाही.

ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड वापरत असाल तर तो साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो आणि फोनच्या घड्याळावरून निघतो. घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढे-मागे असलं तरी कोड चुकीचा ठरतो. फोनमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवा.

घड्याळावरून काउंटरच्या पीसीकडे येऊ. ‘माणूस आहात का’ हे पान फिरून फिरून येतं याचा अर्थ तुम्ही खूण करता, सेवा ती मान्य करते, पण ती मान्यता ब्राउझरमध्ये टिकत नाही किंवा ब्राउझरवर सेवेचा विश्वास बसत नाही. चार कारणं नेहमीची.

जुना पीसी म्हणालात म्हणून आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडला जातो, तेव्हा पीसीचं घड्याळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर चालतं. सीआर २०३२, ३ व्होल्टचा. तो संपला की सकाळी पीसी जुन्याच कुठल्यातरी वर्षात उठतो. मग पानं सुरक्षित नसल्याची सूचना देतात, लॉगइन टिकत नाही, बँकेची साइटही कुरकुर करते. पीसी बंद करून, वायर काढून, सेल बदलायचा, छापील बाजू वर ठेवायची, परत चालू करून तारीख लावायची. पाच-दहा मिनिटांचं काम आणि सेल किरकोळ किमतीचा. हे न करता रोज सकाळी हाताने तारीख लावणारी दुकानं भरपूर आहेत.

दुसरं, विंडोज कुठलं आहे? विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर क्रोम १०९ वरच अडकलेलं असणार. २०२३ च्या सुरुवातीपासून पुढची क्रोम या विंडोजवर चढतच नाही. चॅटबॉटची पानं नव्या ब्राउझरसाठी बनलेली असतात, जुन्यावर कधी कोरी दिसतात, कधी या खात्रीच्या फेऱ्यात अडकतात. इथं कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) पुसून काही होणार नाही. पीसीचा प्रोसेसर आणि रॅम झेपत असेल तर विंडोज वाढवा, नसेल तर त्या पीसीवर चॅटबॉटचा नाद सोडा आणि फोनवर वापरा. त्याच पीसीवर बँकेचे व्यवहार होत असतील तर तो प्रश्न चॅटबॉटपेक्षा मोठा आहे, तेवढं शेठच्या कानावर घाला.

तिसरं, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं ॲप) किंवा व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्याच ठिकाणाहून फिरवणारं ॲप). हे ओळखायला सोपं आहे. क्रोममध्ये इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि तिथं लॉगइन करून बघा. तिथं एक्स्टेन्शन सहसा बंद असतात आणि जुन्या कुकी नसतात. तिथं चाललं तर दोष एक्स्टेन्शनचा किंवा जुन्या कुकीचा. कुकीचा असेल तर सगळा इतिहास साफ करायची गरज नाही, सगळीकडून बाहेर पडाल आणि जपलेले पासवर्डही कुणीतरी चुकून उडवेल. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारा, साइटच्या डेटामध्ये जा आणि फक्त त्या एका साइटचा डेटा पुसा.

चौथं म्हणजे नेटवर्क. पीसी एकदा फोनच्या हॉटस्पॉटवर जोडून बघा. हॉटस्पॉटवर चाललं आणि दुकानाच्या वायफायवर नाही, तर राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा. त्यानेही नाही झालं तर ब्रॉडबँडवाल्याला सांगा.

फोनवर फेसबुक किंवा इन्स्टाग्राममधल्या लिंकवरून चॅटबॉट उघडला आणि गूगलने साइन-इन केलं की ४०३ आकड्याची चूक येते, तीही लोक लॉगइनचा बिघाड समजतात. त्या ॲपच्या आत उघडलेल्या खिडकीत गूगल साइन-इन करूच देत नाही. तीन टिंबांवर जाऊन ‘क्रोममध्ये उघडा’ करा, झालं.

आता मेसेजचं. सकाळी सौद्याच्या वेळेला अडकतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, अर्धं निदान त्यातच आहे. यार्डात त्या वेळी शेतकरी, खरेदीदार, हमाल, सगळ्यांचे फोन त्याच टॉवरवर. फोनवर रेंजच्या चारही दांड्या दिसतात, पण दांड्या सिग्नल किती जोरात आहे ते सांगतात, टॉवरवर गर्दी किती आहे ते नाही. चॅटबॉटचं उत्तर एकदम येत नाही, शब्द शब्द करत वाहत येतं, तोवर जोडणी सलग राहावी लागते. व्हॉट्सॲपचा मेसेज दोन सेकंद तुटलेल्या नेटवरही जातो, चॅटबॉटचं उत्तर मात्र मध्येच थांबतं. फोन खिशात घेऊन दुकानातून ओट्यावर गेलात, वायफाय सुटून मोबाइल डेटा लागला, तरीही तेच.

तपासायची युक्ती: नवीन चॅट उघडा आणि नुसतं ‘नमस्कार’ पाठवा. लगेच उत्तर आलं तर नेट आणि सेवा ठीक आहेत, दोष तुमच्या लांब मेसेजमध्ये, जोडलेल्या फोटोत किंवा जुन्या चॅटमध्ये. नमस्कारही अडकला तर वायफाय-डेटा बदलून परत. दोन्हीवर, दोन फोनवर अडकला तर सेवाच बंद आहे. अशा सेवांचं स्टेटसचं पान असतं, चॅटबॉटचं नाव आणि पुढे स्टेटस असं शोधलं की सापडतं. तिथं लाल-पिवळं दिसलं तर फोनशी झटापट करण्यात अर्थ नाही, चहा घ्या. स्क्रीनवर आकडा आला असेल तर तोही बोलतो: ५०० ते ५०४ म्हणजे दोष त्यांच्याकडे, ४२९ म्हणजे तुम्ही फार भराभर किंवा फार जास्त विचारलंत, ४०१ म्हणजे लॉगइन संपलंय, बाहेर पडून परत या.

गोल फिरत असताना परत परत पाठवू नका. बऱ्याचदा तुमचा मेसेज पोहोचलेला असतो, उत्तरही तिकडे तयार असतं, फक्त तुमच्या स्क्रीनवर आलेलं नसतं. आधी तुमचा लिहिलेला मजकूर कॉपी करून घ्या. मग ॲप पूर्ण बंद करून उघडा, डावीकडच्या यादीतून तीच चॅट निवडा. उत्तर तिथं दिसलं तर ठीक, नसेल तर मजकूर चिकटवून एकदाच पाठवा. दर वेळी परत पाठवलेला मेसेज तुमच्या मर्यादेतून वजा होतो, आणि दुपारी ‘संपली’ म्हणतो त्यामागे हेही एक कारण असणार.

मर्यादेचं मोठं कारण मात्र तुमची ती एकच लांबलचक चॅट, असा माझा अंदाज. चॅटबॉट मागचं माणसासारखं लक्षात ठेवत नाही. तुम्ही नवीन ओळ लिहिली की त्या चॅटमधला आधीचा मजकूरही दर वेळी तिच्याबरोबर परत वाचायला जातो. महिनाभराच्या पट्ट्या एकाच चॅटमध्ये असतील तर ‘हमाली वजा करून एकूण सांग’ एवढी एक ओळसुद्धा ढीगभर मजकूर ओढून नेते. त्यात देवनागरीचे यंत्राला इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करावे लागतात, म्हणजे तेवढ्याच मजकुराला माप जास्त लागतं. चॅट हळू होते, मग मर्यादा लवकर संपते, मग एक दिवस ‘चॅट फार लांब झाली’ म्हणून दारच बंद.

यावर उपाय साधा. रोज नवीन चॅट. पट्ट्यांची वेगळी, पत्रांची वेगळी. दर वेळी सांगावी लागणारी माहिती, म्हणजे अडतीचा दर, तोलाई, हमाली, पत्राचा नमुना, फोनच्या नोट्समध्ये एका जागी लिहून ठेवा आणि नव्या चॅटच्या पहिल्या मेसेजात चिकटवा. जुन्या चॅटचं काम अर्धं राहिलं असेल तर तिथंच ‘आतापर्यंतचं वीस ओळींत लिहून दे’ म्हणा आणि ते घेऊन नव्यात जा. मर्यादा परत कधी उघडते ते बहुतेक वेळा त्या निरोपातच लिहिलेलं असतं, क्लॉडमध्ये पाच-पाच तासांच्या खिडकीने मोजतात.

पट्ट्यांचे फोटो एकदम दहा-बारा टाकू नका, गर्दीच्या नेटवर ते अर्ध्यात अडकतात. दोन-तीन करून टाका आणि पट्टीबाहेरचं टेबल कापून टाका. व्हॉट्सॲपवरून दाबून आलेला फोटो आणि थेट कॅमेऱ्याचा फोटो यात कॅमेऱ्याचाच घ्या, हाताने लिहिलेला १ आणि ९ दाबलेल्या फोटोत एकसारखे दिसतात. बेरीज तर कॅल्क्युलेटरवर ताडल्याशिवाय शेतकऱ्याच्या हातात देऊच नका. बँकेचं स्टेटमेंट पासवर्डवालं असेल तर चॅटबॉटला ते उघडत नाही. दुकानाची जुनी पत्रं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर ती चिकटवल्यावर चॅटबॉटला मराठी दिसत नाही, इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर टाइप करतो त्या मराठीत, बदलून घ्या.

आणि आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. एक खातं तिघांत वापरणं ओपनएआय (चॅटजीपीटीची कंपनी) आणि अँथ्रोपिक (क्लॉडची कंपनी) दोघांच्याही अटींत बसत नाही. अटी बाजूला ठेवल्या तरी तुमची अर्धी दुखणी त्यातूनच आलीत. कोड एकाच्या फोनवर, गरज दुसऱ्याला. तिघांची मिळून एकच मर्यादा. एका व्यापाऱ्याला कळवलेला भाव दुसऱ्याचं पत्र लिहिताना समोर उघडा. तिघांनी आपापली तीन खाती काढा, फुकटवाली सुद्धा पुरतील, प्रत्येकाचं एकच. मर्यादा चुकवायला एकाने चार खाती काढली तर सगळीच बंद होऊ शकतात. शेठच्या मुलाचं वय मात्र बघा: क्लॉड १८ वर्षांखालच्यांना नाही, चॅटजीपीटी १३ पासून, पण १८ पर्यंत पालकांच्या संमतीने.

जुन्या खात्यातलं काम वाया जाणार नाही. सेटिंग्जमधला डेटा एक्स्पोर्टचा पर्याय वापरा (चॅटजीपीटी असेल तर शेठच्या फोनवरून, क्लॉड असेल तर ॲपऐवजी ब्राउझरमधून), सगळी चॅट फाइलमध्ये मिळते. त्याची लिंक ईमेलवर येते आणि तिला मुदत असते, म्हणून जीमेलची जागा आधी रिकामी करा, मगच एक्स्पोर्ट दाबा. फाइल पीसीवर उतरली की उघडून बघा, आणि त्यानंतर ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ करा.

एक सावधगिरी. चॅटबॉटच्या कस्टमर केअरचा मोबाइल नंबर गूगलवर शोधू नका. जो सापडेल तो फसवणारा असण्याचीच शक्यता जास्त. ‘कोड सांगा’ किंवा ‘हे स्क्रीन दाखवणारं ॲप टाका’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. कुणी आधीच कोड देऊन बसलं असेल तर गूगलचा पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, आणि पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. ॲप टाकतानाही खाली कंपनीचं नाव वाचा: चॅटजीपीटीखाली ओपनएआय, क्लॉडखाली अँथ्रोपिक, जेमिनीखाली गूगल. चिन्ह सारखं आणि नाव भलतंच असलेली ॲप प्ले स्टोअरवर सापडतात, तिथं केलेलं ‘लॉगइन’ तुमच्या खऱ्या खात्यात जातच नाही.

क्रम असा ठेवा: शेठच्या फोनवरचा पत्ता कागदावर, मग जीमेलची जागा, मग एकदाच कोड, मग मुलाच्या फोनवरचा पत्ता ताडणं. पीसी सगळ्यात शेवटी. एवढं करूनही अडलं तर इथं लिहा: चॅटबॉट कोणता, पीसीवर विंडोज कोणतं, कोड ईमेलवर की एसएमएसवर, स्क्रीनवरचा निरोप जसाच्या तसा आणि तो किती वाजता आला. ईमेल पत्ता, नंबर, कोड इथं टाकू नका.